फोटोतल्या घराची ग्वाही

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की मी उठून बाहेर जायचो, नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवायचो. घरातल्यांना वाटायचं, आबांना त्या सहलीची आठवण सोसत नाही. ते खरंच होतं, पण कारण त्यांना वाटायचं ते नव्हतं. आमच्या घरात, भावकीत आणि बारामतीतल्या आमच्या कॉलनीत सगळे असंच समजतात की कोकणातलं ते खोटं घर माझ्या सुनेनं फोटोला भुलून ठरवलं. तिनं नव्हतं ठरवलं. मी ठरवलं होतं. ती नको म्हणत होती.

आधी माझं थोडं सांगतो, त्याशिवाय चूक कशी झाली ते कळायचं नाही. मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी केली. गावोगाव फिरून उसाच्या लागणीची नोंद घ्यायची, हे काम. सणसर, अंथुर्णे आणि त्या बाजूच्या वाड्यावस्त्या मोटारसायकलवर पालथ्या घातल्या. त्यातून एक सवय लागली. नवा माणूस भेटला की आडनाव आणि गाव विचारायचं, मग मामाचं गाव, मग बहीण कुठं दिलीय. थोडक्यात तो कुणाचा कोण हे सापडायचं, आणि एकदा सापडलं की तो माणूस खात्रीचा. लोक मुलगी द्यायच्या आधी मला विचारायला यायचे. "आबा, त्या घराची जरा माहिती काढा." निवृत्त झाल्यावरही यायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

माझी बायको नरसिंहपूरची. लहानपणापासून नीरा आणि भीमेचा संगम बघत वाढलेली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेलो तेव्हा घाटावर बसून तिनं मला विचारलं होतं, "हे सगळं पाणी शेवटी जातं कुठं?" मी म्हणालो, "समुद्राला." तो समुद्र पूर्वेकडचा, हे मला माहीत होतं. पण तिला समुद्र म्हणजे समुद्र. तो तिनं कधी बघितला नव्हता. मी नेतो नेतो म्हणालो आणि कधी नेलं नाही. गळीत हंगाम संपला की लागणीची कामं, ती संपली की पोराची शाळा, असं करत आयुष्य गेलं.

लॉकडाऊनच्या आधी तिला कॅन्सर निघाला. पुण्याला उपचार झाले, केस गेले, वजन उतरलं. उपचार संपल्यावर डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, आता आहेत ते दिवस त्यांच्या मनासारखे जाऊ द्या. मुलानं ते मला सांगितलं. तिला कुणी सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं, कारण त्या संध्याकाळी ती स्वतःहून म्हणाली, "दिवाळीत समुद्र दाखवा मला. घर असं बघा की खाटंवर पडून दिसंल."

निर्बंध उठल्यावरची ती दिवाळी. सगळा महाराष्ट्र घराबाहेर पडला होता. सूनबाईनं फोनवर बरीच शोधाशोध केली. तिला एक साधं लॉज मिळत होतं, समुद्रापासून थोडं आत. मला ते पसंत पडेना. खाटेवर पडून दिसायला हवा होता ना समुद्र! तेवढ्यात आमच्या निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका घराचे फोटो आले. लाल कौलं, पुढं पडवी, पडवीत झोपाळा आणि झोपाळ्यासमोर नारळीच्या खोडांमधून निळा समुद्र. एका खोलीत खिडकीशी खाट, खिडकीत पाणी. ठिकाण गुहागरच्या पुढचं लिहिलं होतं. खाली मोबाइल नंबर. कुणी कुणाकडून पुढं पाठवलं होतं, देव जाणे.

मी तो फोन सूनबाईच्या हातात दिला. मुलगा एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेला होता, बायको आत झोपली होती. आम्ही दोघंच ओट्यावर. तिनं फोटो मोठे करून करून बघितले.

"आबा, ह्या गेटवरच्या पाटीची अक्षरं मराठी नाहीत. मल्याळी वाटतात."

"मालक केरळचा असंल."

"आणि सगळी घरं भरली असताना हे एवढं चांगलं घर मोकळं कसं? तेही लॉजच्या भावात?"

"तू फोन तर लाव."

तिनं लावला. पलीकडं एक गोड बोलणारा माणूस होता. म्हणाला, बुकिंगच्या वेबसाइटवर ठेवलं तर ते कमिशन खातात, म्हणून आम्ही थेट देतो, पण आगाऊ सगळे पैसे भरावे लागतील, दिवाळी आहे. सूनबाईनं त्याला घराचा कर भरल्याची पावती मागितली. तो हसला. मग तिनं फोन माझ्यापुढं धरला. "आबा, तुम्ही बोला."

ते बोलणं मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

"तुमी मूळचे कोकणातलेच का?" मी विचारलं.

तो जरा थांबला. "नाही हो. आम्ही मूळचे तुमच्याच बाजूचे."

मी खुर्चीत सरसावून बसलो. "आमच्या बाजूचे म्हंजे? इंदापूर तालुका?"

"व्हय, इंदापूर तालुका."

"कुठलं? अंथुर्ण्याकडचे का?"

"अंथुर्ण्याचेच की."

"मग घर कालव्याच्या अंगाला असंल तुमचं." आणि मी एक आडनाव घेतलं.

"व्हय व्हय, तेच आमी. तुमाला लई माहिती दिसतीय, आबा."

"आरं, कारखान्यात होतो मी! तुझा आजा ऊस घालायचा आमच्याकडं. उंचापुरा, पटका बांधायचा, एका पायानं जरा अधू. तोच न्हवं?"

"तेच आमचं आजोबा. गेले आता."

मला भरून आलं. त्या म्हाताऱ्यानं मला किती वेळा बांधावर बसवून चहा पाजला होता! मी म्हणालो, "लई चांगला माणूस. बरं झालं बाबा, घरचंच निघालं." तो म्हणाला, "तुमच्यासाठी खिडकीची खोली राखून ठेवतो, आबा. कमिशनचं आपल्या माणसात काय?"

फोन ठेवल्यावर मी सूनबाईकडं विजयानं बघितलं. ती हळूच म्हणाली, "आबा, सगळं तुम्हीच सांगितलंत. तो नुसता व्हय म्हणत होता."

"मग मला आबा कसं म्हणाला तो?"

"फोन देताना मी म्हणाले की, आबा बोला. ते ऐकलं असणार." मग जरा धीर करून पुढं म्हणाली, "आपण व्हिडिओ कॉल करू. गेटपासून पडवीपर्यंत चालत दाखवा म्हणू. खरं असेल तर त्याला काय जड आहे? आणि हा फोटो मी इंटरनेटवर टाकून बघते, दुसऱ्या कुठल्या नावानं दिसतो का. नाहीतर माझ्या मैत्रिणीचा भाऊ चिपळूणला आहे, तो जाऊन येईल."

मी चिडलो. "पाव्हण्याच्या घरी जेवायला जायच्या आधी चूल दाखव म्हणणार का तू त्यांना? त्याच्या आज्याला मी ओळखतो. तुला माझ्यावर इस्वास हाय का न्हाय?"

पैसे तिच्या फोनवरून जायचे होते, कारण घरखर्चाचं खातं ती बघायची. कॉलनीतल्या महिला बचत गटाची खजिनदार होती ती. हिशेबाला एकदम चोख. ती एकदा म्हणाली, "माझ्या खात्यावरून जाणार आहेत, आबा." मी म्हणालो, "मग? मी सांगतोय ना." तिनं पाठवले. घर ठरल्याचं रात्री मुलाला आणि सासूला तिनंच सांगितलं, मी फोनवर बोललो ते तिथं निघालंच नाही.

मी नोकरीत असताना शेतकऱ्याच्या नुसत्या शब्दावर कधी नोंद घेतली नाही. चिखल असो, ऊन असो, बांधावरून चालत जाऊन क्षेत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही केली नाही. कुणी नातं सांगितलं तरी नाही. त्या दिवशी मात्र ओट्यावर बसून सही केली.

भाऊबीज झाल्यावर आम्ही निघालो. गाडीत आम्ही चौघं आणि माझा धाकटा भाऊ नि भावजय. फलटण, सातारा करत कुंभार्ली घाट उतरलो. बायको खिडकीशी उशी घेऊन बसली होती. घाटात दोनदा ओकली, पण तक्रार नाही. उलट डोंगर संपला की विचारायची, "आला का?" त्या माणसाला सकाळी सूनबाईचा फोन लागला होता. "या, जेवण तयार ठेवतो," म्हणाला होता. चिपळूण सोडल्यावर फोन बंद.

दुपार कलताना त्यानं पाठवलेल्या ठिकाणावर गाडी पोचली. तिथं चिऱ्याची बंद पडलेली खाण होती. कापलेल्या तांबड्या भिंती, खाली हिरवं पाणी, कडेला एक मोडकी ट्रॉली. घर नाही, नारळ नाही. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. मुलानं फोटो दाखवला. तिनं भारा न उतरवताच बघितलं आणि म्हणाली, "हां, तुमी पण तेच काय! परवा पण एक गाडी आली व्हती. असलं घर हितं नाय हो. समुद्र त्या टेकडीच्या पलीकडं."

सूनबाईनं तिथंच उभं राहून फोटो इंटरनेटवर टाकला. लगेच निघालं. तेच घर, तोच झोपाळा, नाव वेगळं, ठिकाण केरळात. तिनं फोन मुलापुढं धरला. तो बघून त्याचा चेहरा उतरला, आणि मग पारा चढला.

"तू खात्री केली हुतीस ना? का नुसते फोटो बघून पैसे पाठवले?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी बोलेन म्हणून बघितलं, दुसऱ्या कशासाठी नाही. मी खाणीतल्या पाण्याकडं बघत होतो. भावजय म्हणाली, "आगं बोल की." आणि मग मी बोललो. म्हणालो, "जाऊ द्या आता. आजकालच्या पोरींना मोबाइलमधलं सगळं कळतं, म्हणून मी म्हणलं करू दे तिला."

हे वाक्य माझं आहे. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

सूनबाईनं फोन पर्समध्ये ठेवला आणि गाडीत जाऊन सासूच्या पाठीला उशी लावली.

टेकडी ओलांडून निदान समुद्र तरी दाखवावा, असं मी म्हणणार होतो. पण बायकोला हुडहुडी भरली होती. अंग तापलं, डोळे फिरवायला लागली. मुलानं गाडी चिपळूणकडं वळवली. दवाखान्यात सलाइन लावलं, राहायला कुठं खोली नव्हती, दुसऱ्या दिवशी तसेच परत आलो. टेकडीच्या पलीकडं समुद्र होता आणि तो तिनं बघितला नाही. पुढं कधीच बघितला नाही.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारानं विचारलं, "बोलणं कुणी केलं होतं?" मी म्हणालो, "सूनबाईंच्या फोनवरून झालं." यातला प्रत्येक शब्द खरा होता. तक्रार तिच्या नावानं लिहिली गेली. अंथुर्ण्याला मी गुपचूप एकटा जाऊन आलो. पटका बांधणाऱ्या त्या म्हाताऱ्याला नातू नव्हताच. तीन मुली, तिन्ही नांदत्या. हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. फोनवर माझ्याच आवाजाच्या नादात विसरलो.

बायको उन्हाळ्यापर्यंत होती. शेवटच्या दिवसांत ती सुनेच्या हातून औषध घ्यायला का-कू करायची. रागानं नाही, रुसल्यासारखी. एकदा मी तिला चमच्यानं पाणी पाजत होतो तेव्हा म्हणाली, "पोरगी चांगली हाय हो. पर जरा बघून करायला पायजे हुतं तिनं. माझा समुद्र ऱ्हायला." खोलीत आम्ही दोघंच होतो. त्या वेळी एक वाक्य पुरे होतं. मी तिचं तोंड पुसलं आणि चमचा धुवायला मोरीत गेलो. तेच मनात धरून ती गेली.

पुढचं सगळं हळूहळू झालं, म्हणून कुणाला ते कळलं नाही. मुलानं घरखर्चाचं खातं स्वतःकडं घेतलं. बचत गटातल्या बायकांनी खजिनदार बदलली, तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, एवढंच की "तुला घरचंच खूप असतं गं." भावजयीला मात्र विषय मिळाला. सणसरला एका लग्नात पंगतीत बसलो होतो. कुणीतरी मुलीच्या स्थळाचे फोटो फिरवत होतं. भावजय मोठ्यानं म्हणाली, "आमच्या हिच्या हातात नका देऊ बाई. फोटो बघितला की पैसे पाठवती!" पंगत हसली. सूनबाई वाढत होती. तिच्या हातातलं भाताचं पातेलं तसंच राहिलं. हसणाऱ्यांत मीही होतो.

वर्षाच्या आत तिनं पुण्यात नोकरी धरली आणि हडपसरला खोली घेतली. मुलगा इथं, ती तिथं. कोर्टकचेरी काही नाही. विचारलं तर मुलगा म्हणतो, "तिला नोकरी लागली, दुसरं काय?" सणाला ती येते, स्वयंपाक करते, माझ्या गोळ्या भरून ठेवते आणि जाते. एकदाही ती कुणाला म्हणाली नाही की ते घर आबांनी ठरवलं होतं. मी वाट बघायचो. तिनं भांडावं, सगळ्यांसमोर माझं नाव घ्यावं, म्हणजे मी एकदाचा मोकळा होईन, असं मला वाटायचं. म्हणजे माझं कामही मी तिच्यावरच टाकून बसलो होतो.

मागच्या हिवाळ्यात शेजारचा पोरगा आला. नवीन लग्न झालेलं, फिरायला जायला महाबळेश्वरला बंगला भाड्यानं घेत होते. "आबा, तुमी ओळखता का बघा, मालक फलटणचा हाय म्हणतो." त्यानं फोटो पुढं केले. मी म्हणालो, "गाव बिव विचारू नको त्याला. व्हिडिओ कॉल लाव आणि गेटपासून चालत दाखव म्हण. फोटो इंटरनेटवर टाक, दुसरीकडं निघतो का बघ. वेबसाइट सोडून थेट आगाऊ पैसे मागत असंल तर पाठवू नको. आणि तितं कुणी ओळखीचं असंल तर त्याला नुसतं जाऊन बघून यायला सांग."

पोरानं व्हिडिओ कॉल मागितला. पलीकडच्यानं आधी नेट नाही म्हटलं, मग शिवी दिली, मग फोन बंद केला. संध्याकाळी अख्ख्या कॉलनीत झालं. पोराचा बाप पेढे घेऊन आला. "आबांमुळं वाचलो! ह्या वयात एवढी माहिती!" माझा मुलगाही कौतुकानं म्हणाला, "आबा, तुमाला हे कसं काय ठाऊक?"

मी म्हणालो, "पेपरात वाचलं."

पेढा तोंडात होता. तो गिळताना मला कळलं की हे असंच चालू राहिलं तर मी असाच मरणार आहे. तिचं शहाणपण माझ्या नावावर आणि माझी चूक तिच्या नावावर, एवढं करून.

दुसऱ्याच आठवड्यात मी एसटीनं हडपसरला गेलो. न कळवता. तिचा सुट्टीचा दिवस होता. खोली लहान, पण नीटनेटकी. खिडकीत तुळस आणि ओव्याचं झाड. "अगंबाई, आबा! एकटे आलात?" तिनं पाणी दिलं, पाया पडली, चहा टाकला. मी वाटेत सगळं मनात जुळवून आणलं होतं. चहा झाला. तिनं माझ्या शुगरचं विचारलं. मी उसाच्या तोडीचं सांगितलं. तिनं विचारलं, "काही काम होतं का, आबा?" मी म्हणालो, "व्हय. म्हंजे, तसं..." ती गॅसजवळ उभी राहिली, ओढणीला हात पुसत, माझ्याकडं बघत. तेच बघणं होतं ते. घाई नाही, राग नाही. मी म्हणालो, "काय न्हाय. तुझ्या हातचं पिठलं खाऊन लई दिस झाले."

तिनं पिठलं केलं. मी जेवलो. ती स्टॉपपर्यंत सोडायला आली, गाडी लागेपर्यंत थांबली, वर चढताना कोपराला धरून आधार दिला. जागा मिळाल्यावर मी खिडकीची काच सरकवायला गेलो. ती अडकली होती. मी हलवेपर्यंत गाडी सुटली.

मुलाला हे लिखाण मी स्वतः वाचायला देणार आहे. भावालाही, भावजयीलाही. बचत गटातल्या बायका मागतील तर त्यांनाही. ज्यांना हे माहीत नाही त्यांना माहीत होईल. पण तिला तर पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे. तिला माहिती द्यायची नव्हती, तिच्यासमोर उभं राहून बोलायचं होतं, आणि ते मला जमलं नाही. त्या दिवशी हडपसरच्या खोलीत बोलायचं होतं ते एवढंच होतं:

पोरी, तू नको म्हणत होतीस. मी ऐकलं नाही. खाणीच्या काठावर तू माझ्याकडं बघितलंस तेव्हा मी खोटं बोललो, आणि तुझ्या सासूला ते खोटं खरं समजून जाऊ दिलं. तुझं घर मी मोडलं. मला माफ कर, असं म्हणायचाही मला हक्क नाही. तरी म्हणतो. चुकलो मी.